जुना छापील नकाशा घ्यायचाय? आधी पालथा करून बघा

माझा पहिला "सोळाव्या शतकातला" नकाशा मी ऑनसाइटला असताना युरोपातल्या एका रविवारच्या बाजारात घेतला. ४५ युरो, सोनेरी फ्रेम, समुद्रात देवमासे, कोपऱ्यात जलपऱ्या, रंग असे की बघत राहावं. विकणाऱ्या आजोबांनी छातीवर हात ठेवून "ओरिजिनल" सांगितलं होतं. रूमवर येऊन फ्रेमच्या मागच्या पिना उचकटल्या, कागद उलटा केला, तर मागे मार्च महिना. कॅलेंडरचं पान होतं ते, नीट कापून फ्रेम केलेलं, रविवार लाल रंगात.

तेव्हापासून कुठलाही जुना नकाशा हातात आला की मी आधी तो पालथा करतो. पुढची बाजू सगळेच बघतात आणि ती बनवाबनवी करायला सोपीही असते, मागच्या बाजूकडे विकणाऱ्याचंही फारसं लक्ष नसतं. रेनेसान्सच्या काळातले, म्हणजे ढोबळमानाने पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे हाताने रंगवलेले छापील नकाशे गोळा करायची हौस ज्यांना नुकतीच लागलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डीलर नाही, अभ्यासकही नाही, फसून फसून शिकलेला माणूस आहे.

आधी हे छापायचे कसे ते बघू

हे समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं द्या. दोन पद्धती होत्या. एक लाकडी ठशाची, म्हणजे जी रेघ हवी ती ठेवून बाजूचं लाकूड कोरून काढायचं, उंच राहिलेल्या भागाला शाई लावायची आणि छापायचं. टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या "भूगोल" ग्रंथाची १४८२ ची उल्मची आवृत्ती अशी आहे, बाझेलमध्ये १५४४ साली निघालेली सेबास्टियन म्यून्स्टरची कॉस्मोग्राफिया, म्हणजे त्याचा जगाच्या वर्णनाचा ग्रंथ, तीसुद्धा अशीच. यातल्या रेघा जरा जाड, ठसठशीत असतात.

दुसरी तांब्याच्या पत्र्याची. पत्र्यावर टोकदार छिन्नीने सगळा नकाशा उलटा, आरशातल्यासारखा कोरायचा, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जबरदस्त दाबाने काढायचं, की खाचेतली शाई कागद ओढून घेतो. या पद्धतीने छापलेले नकाशे असलेली टॉलेमीची पहिली आवृत्ती बोलोन्याची, १४७७ ची. आपल्याकडे मिरजेला १८०५ मध्ये गीता छापली तीही अशीच तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, त्यामुळे तांबटांच्या गावच्या लोकांना हे फार परकं वाटायला नको.

दोन्ही पद्धतींत छापून येतं ते फक्त काळं. रंग नंतर ब्रशने, एकेका प्रतीवर. आणि हे काम करणारे वेगळे कारागीर असायचे. अब्राहम ऑर्टेलियस, ज्याचा "थिएट्रम ऑर्बिस टेरारम" हा १५७० चा ग्रंथ पहिला आधुनिक अ‍ॅटलास मानला जातो, तो स्वतः १५४७ साली अँटवर्पच्या कारागिरांच्या गिल्डमध्ये दाखल झाला तो नकाशे रंगवणारा म्हणूनच, आणि त्याच्या बहिणीही हेच काम करायच्या. पण त्या काळी बरेच लोक अ‍ॅटलास बिनरंगाचाच घ्यायचे, रंगाचे पैसे वेगळे पडायचे. म्हणून बिनरंगाचा नकाशा म्हणजे अर्धवट नकाशा असं अजिबात नाही. नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते, त्याला रंगीतच हवा असतो.

पायरी १ : काय जमवायचं ते ठरवा

"जुने नकाशे" हा विषय नाही, समुद्र आहे. एखादा प्रदेश धरा, किंवा एक नकाशाकार, किंवा एखादा आकार. मराठी माणसाला सहज जवळचा वाटेल असा धागा म्हणजे पश्चिम किनारा, आणि त्यात खरंच भरपूर माल आहे. त्या काळच्या किनाऱ्याच्या नकाशांवर चौल आणि दाभोळ ही नावं ठळक सापडतात, मुंबईचा पत्ता नसतो किंवा असलीच तर ठिपक्याएवढी, हे बघताना जी गंमत येते ती वेगळीच.

ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या शहरांच्या अ‍ॅटलासच्या १५७२ च्या पहिल्या भागात एका पानावर चार शहरं आहेत, मोरोक्कोची अन्फा आणि अझेमूर, आणि आपल्याकडची दीव आणि गोवा. या अ‍ॅटलासच्या बऱ्याच पानांवर पुढे माणसांची चित्रं काढलेली असतात आणि ब्राउनने प्रस्तावनेत त्याचं कारण दिलंय की तुर्कांना मनुष्याकृती निषिद्ध, त्यामुळे ते ही चित्रं लढाईसाठी वापरणार नाहीत. कितपत उपयोग झाला देव जाणे.

गोव्याचा राजा नकाशा मात्र यान ह्युखेन व्हान लिन्सखोतेनचा. हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता, परत जाऊन १५९६ साली अ‍ॅमस्टरडॅमला त्याने प्रवासवर्णन छापलं, त्यात घडी घातलेला गोवा शहराचा मोठा नकाशा आहे, रस्ते, चर्च, बाजार सगळं दाखवलेलं. हा आपल्या बजेटमध्ये येईल अशी आशा ठेवू नका, बघून मात्र घ्या.

ऑर्टेलियसचा ईस्ट इंडीजचा नकाशा, तोच जलपऱ्या आणि जहाजावर चाल करून येणाऱ्या देवमाशांचा, माझ्या कॅलेंडरवर होता तो. तो खरा घ्यायचा तर आकडा लाखांत जातो. म्हणून नवीन लोकांना माझा सल्ला, छोट्या नकाशांपासून सुरू करा. ऑर्टेलियसच्याच अ‍ॅटलासची खिशात मावणारी छोटी आवृत्ती फिलिप्स गालेने १५७७ पासून काढली, तळहाताएवढे नकाशे. १६०० च्या आसपासचे बर्टियसचे छोटे नकाशे आहेत, १६०७ चा मर्केटर-होंडियसचा अ‍ॅटलास मिनॉर आहे. या पुस्तकांतली सुटी पानं बाजारात नियमित येतात, चांगल्या मोबाइलपेक्षा स्वस्तात मिळतात, आणि खरा चारशे वर्षांपूर्वीचा कागद हातात येतो. हातात खरा कागद असल्याशिवाय हा विषय शिकताच येत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पायरी २ : डोळा तयार करा, फुकटात होतो

निदान दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका. डेव्हिड रम्झी कलेक्शन, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका, इथे खऱ्या नकाशांचे इतके मोठे स्कॅन आहेत की झूम करून कागदाचे धागे दिसावेत. तुम्हाला जो नकाशा हवाय त्याच्या पाच-सहा वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी लावून बघा. रंग प्रत्येकीचे वेगळे असतील आणि रेघा मात्र तंतोतंत एक. रेघांत फरक दिसला तर तो पत्रा दुरुस्त केलेला आहे किंवा दुसराच आहे, आणि हा फरक म्हणजे तारीख कळायचा रस्ता. ऑर्टेलियसच्या जगाच्या नकाशाचं उदाहरण घ्या, पहिल्या पत्र्याला पुढे खालच्या डाव्या कोपऱ्यात चीर गेली आणि ती चीरसुद्धा छापून यायला लागली. शेवटी नवे पत्रे करावे लागले, आणि १५८७ च्या पत्र्यात दक्षिण अमेरिकेच्या पोटाला आलेला चुकीचा फुगवटा काढून टाकलाय. म्हणजे फुगवटा आहे की नाही एवढं बघून तुम्ही अर्धी लढाई जिंकता.

लंडनला जाणं-येणं असेल तर तिथे जूनमध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत मॅप फेअर भरते, तिथे हात लावून बघू देतात, घ्यायची सक्ती नसते. अँटवर्पला प्लांटिन-मोरेटस म्युझियम आहे, मुळात तो जुना छापखानाच, ऑर्टेलियसचा अ‍ॅटलास १५७९ पासून याच छापखान्यात छापला जायचा, आणि तिथले जुने छपाई-यंत्र बघितले की दाब म्हणजे काय ते कळतं.

पायरी ३ : पालथा करा

आता मुद्द्यावर. नकाशा फ्रेममध्ये असेल तर फ्रेमबाहेर काढून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा. ऑनलाइन असेल तर मागच्या बाजूचा पूर्ण फोटो मागा, आणि एक खिडकीच्या काचेवर धरून, मागून उजेड येईल असा.

पाठीवर काय बघायचं? पहिलं म्हणजे मजकूर. अ‍ॅटलासमधल्या बहुतेक नकाशांच्या मागे त्या देशाचं वर्णन छापलेलं असायचं. ऑर्टेलियस लॅटिनमध्ये निघाला, मग डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, १६०६ मध्ये इंग्लिश आणि शेवटी इटालियन. पुढचा पत्रा तोच, पण मागच्या मजकुराची भाषा, ओळी कुठे तुटतात, पान नंबर काय, यावरून आवृत्तीचं वर्ष पकडता येतं. याच्या याद्या अभ्यासकांनी छापलेल्या आहेत आणि ऑर्टेलियसच्या नकाशांना तर व्हान डेन ब्रुकेचे नंबरच दिलेले असतात, डीलर "ऑर्ट अमुक" लिहितो ते तेच. मजकूर नाही म्हणजे खोटा, असं मात्र नाही, लिन्सखोतेनचे घडीचे नकाशे मागून कोरेच आहेत, सुटे विकले जाणारे इटालियन नकाशेही कोरे. म्हणजे त्या नकाशाच्या मागे काय असायला हवं हे आधी माहीत पाहिजे.

दुसरं, कागद. उजेडासमोर धरला की बारीक आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात, कागद ज्या तारेच्या चाळणीवर उचलला त्या चाळणीच्या खुणा, आणि नशीब असेल तर मधे वॉटरमार्क. हा चिंध्यांचा हातकागद. अशा रेघा नसलेला एकसारखा कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला, त्यामुळे "१५८० चा" नकाशा गुळगुळीत एकसारख्या कागदावर असेल तर विषय संपला. नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च मिळते ना, ती अंधारात मारून बघा, कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात विसाव्या शतकातलं चकाकीचं केमिकल आहे. जुना कागद मळकट, पिवळट, शांत राहतो.

तिसरं, दाबाची खूण. तांब्याच्या छपाईत पत्र्याची कड कागदात रुतते, नकाशाभोवती चौकट उमटते आणि ती पाठीवरून बोटाला लागते. लाकडी ठशाला ही चौकट नसते पण रेघांचा उठाव मागे जाणवतो. पुढून सराफाचं १०x चं भिंग लावा, खरी रेघ सलग काळी दिसते, आधुनिक छपाईत ठिपके ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत हातकागदावर, खोटी चौकट उठवून केलेल्या नकलाही आहेत, म्हणून एकाच खुणेवर भुलू नका, तीन-चार खुणा जुळल्या पाहिजेत.

पायरी ४ : रंग जुना की कालचा

इथेच जास्त पैसे जातात, म्हणून जरा रेंगाळतो. जुना खरा नकाशा आणि त्यावर गेल्या वर्षी दिलेला रंग, हे कॉम्बिनेशन बाजारात प्रचंड आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही, चांगला डीलर स्पष्ट लिहितो. पण विकणाऱ्यांची भाषा शिकून घ्या. "ओरिजिनल मॅप" म्हणजे छपाई खरी, रंगाबद्दल तो काहीच बोललेला नाही. "कंटेम्पररी कलर" वाचून मला वाटलं होतं आजचा रंग, ते बरोबर उलट आहे, नकाशाच्या काळातलाच रंग. "ओल्ड कलर" म्हणजे जुना, पण किती ते विचारा. "लेटर" किंवा "मॉडर्न" सरळ आहे. आणि काहीच लिहिलं नसेल तर मॉडर्न धरून चाला. इटालियन नकाशे, म्हणजे गास्ताल्दी, रुशेल्ली वगैरे, मुळात सहसा रंगवतच नसत, त्यामुळे त्यातला कुणी भडक रंगीत दिसला की शंका घ्या.

खरा साक्षीदार हिरवा रंग. तेव्हाचा हिरवा म्हणजे जंगाल, तांब्यावर व्हिनेगरची वाफ देऊन खरवडून काढलेला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, बघा, तेच रसायन. हे जंगाल कागद हळूहळू खातं. शेपन्नास नव्हे, चारशे वर्षं खातं. त्यामुळे जुन्या रंगाचा नकाशा पालथा केला की जिथे जिथे पुढे हिरवं आहे तिथे तिथे मागे तपकिरी डाग दिसतात, अगदी राज्यांच्या सीमा मागून वाचता येतात. जास्त झालं असेल तर तिथला कागद कुरकुरीत होऊन फाटलेला असतो. म्हणजे खरा जुना रंग ही किंमत वाढवणारी गोष्ट आणि आजारसुद्धा, दोन्ही एकदम, घेताना हा हिशोब करा.

अजून दोन युक्त्या. जुन्या कागदाला सरस लावलेला असायचा म्हणून रंग वर बसायचा, आज तो सरस कमजोर झालेला असतो, त्यामुळे नवा रंग पाझरून मागे त्याच रंगाचे ओले दिसणारे डाग येतात, हिरव्याचा हिरवाच, तपकिरी नाही. आणि घडीच्या चिरेत किंवा किड्याच्या भोकाच्या कडेला भिंग लावून बघा, रंग चिरेच्या आत उतरला असेल तर चीर आधीची आणि रंग नंतरचा. हे एकदा कळलं की लिलावाच्या कॅटलॉगमधलं निम्मं गोड बोलणं गळून पडतं. फक्त सांभाळा, तपकिरी डाग चहाचं पाणी लावूनही करतात, पण ते सीमारेषेवर एवढे नेमके बसत नाहीत.

बाकी रंगांत शेंदूर, नीळ वगैरे आपल्या ओळखीचीच मंडळी, डिंकात कालवलेली. शेंदूर काळवंडलेला दिसला तर घाबरू नका, वयाने होतं तसं.

पायरी ५ : दुखणी

मधली घडी फाटलेली, समास कापलेला, ठिपकेदार तांबूस डाग, किड्याची भोकं, मागून दुसरा कागद चिकटवलेला. घडी थोडी फाटणं हे चालतं, अ‍ॅटलासमध्ये मधोमध दुमडून बांधलेला कागद आहे तो. समास नकाशाच्या चौकटीपर्यंत कापलेला असेल तर मी सोडतो. पूर्ण पाठीवर कागद चिकटवलेला असेल तर तोंडावर सभ्य हसू ठेवून दहा प्रश्न विचारा, कारण पाठ झाकली की आपले सगळे साक्षीदार झाकले गेले. सेलोटेपचा पिवळा पट्टा दिसला तर भाव पाडा, तो काढायला तज्ज्ञच लागतो.

पायरी ६ : कुणाकडून, आणि तो आला कुठून

ही सुटी पानं येतात कुठून असा प्रश्न तुम्हाला पडलाच पाहिजे. बरीचशी मोडलेल्या अ‍ॅटलासमधून, आणि त्यातले काही विकण्यासाठी मुद्दाम मोडलेले. काही सरळ चोरीची. २००५ मध्ये फोर्ब्स स्मायली नावाचा प्रतिष्ठित नकाशा-डीलर येल विद्यापीठाच्या लायब्ररीत पकडला गेला, कशामुळे, तर ब्लेडचं पातं खाली पडलेलं तिथल्या कर्मचाऱ्याला सापडलं, आणि नंतर त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. म्हणून पुन्हा पाठ बघा, लायब्ररीचा शिक्का, खोडलेला शिक्का, किंवा शिक्क्याच्या जागी खरवडून पातळ झालेला कागद. शिक्का असेल तर लायब्ररीने विकल्याचा कागद मागा. बिलावर नकाशाचं नाव, वर्ष, आवृत्ती, रंग जुना की नवा, आणि खोटा निघाल्यास पैसे परत, हे सगळं लिहून घ्या. देणारे हसत देतात.

मुंबईच्या चोर बाजारात फिरायला मजा येते, तिथे मला काचेमागे चहाने रंगवलेल्या नकला पुष्कळ दिसल्या, खरा रेनेसान्स नकाशा मात्र एकदाही नाही. तुमचं नशीब वेगळं असू शकतं.

परदेशातून मागवताना सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये पाठवा म्हणून सांगा, नळीत गुंडाळून नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू कस्टममध्ये ९७०६ या कोडखाली येतात, बिलावर नकाशाचं वय स्पष्ट हवं, नाहीतर साधा छापील माल म्हणून किंवा भलत्याच नावाने अडकतो. दर बदलत असतात, ऑर्डर देण्याआधी क्लिअरिंगवाल्याला फोन करा. आणि एक गोष्ट परदेशात राहणाऱ्यांसाठी विशेष, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. आईबाबांकडे ठेवतो, नंतर घेऊन जाऊ, असं करायच्या आधी वकिलाला विचारा.

पायरी ७ : घरी आल्यावर

आमच्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे चारशे वर्षांचा कागद. बाहेरच्या भिंतीवर, ओल येणाऱ्या भिंतीवर, समोरून ऊन येतं तिथे नकाशा लावायचा नाही. कपाटात ठेवणार असाल तर अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवा, सिलिका जेलच्या पुड्या शेजारी आणि दर महिन्याला उघडून बघायचा, कसर लागली तर दोन आठवड्यांत जाळी करते. लॅमिनेशन हा शब्दसुद्धा काढू नका.

फ्रेमवाल्याला मात्र शेजारी उभं राहून काम करायला लावा. माझा बर्टियसचा छोटा भारत मी एका नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे टाकून आलो, दोन दिवसांनी गेलो तर काका खुशीत, "साहेब, एकदम टाइट बसवलाय, हलणार नाही." पूर्ण पाठीला फेविकॉल. तो सोडवायला कन्झर्वेटरला, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला, जितके पैसे दिले तितक्यात अजून एक बर्टियस आला असता. हवं ते असं, अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या, बाकी नकाशा मोकळा लोंबता, समोर यूव्ही अडवणारी काच, आणि काचेला कागद टेकणार नाही एवढं अंतर. दुरुस्तीचं काही मोठं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कन्झर्वेशनचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आणि फ्रेम बंद करायच्या आधी पाठीचे फोटो काढून ठेवा, एक सरळ उजेडात, एक मागून उजेड टाकून, पट्टी शेजारी ठेवून. बिलाच्या झेरॉक्ससोबत पाकिटात घालून ते फ्रेमच्या मागे चिकटवा, फ्रेमच्या, नकाशाच्या नव्हे.